रिपोर्टमधला ‘४’ म्हणजे चौथी स्टेजच असते का? कॅन्सरच्या फायलीतले शब्द, सोप्या भाषेत

घरातल्या कुणाच्या रिपोर्टवर कॅन्सर हा शब्द आला की पुढचे दोन-चार दिवस कसे जातात, हे ज्या घरात ही बीमारी येऊन गेली त्यांना सांगायला नको. रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर मामूंना जातो, दुबई-सौदीत कामाला असलेल्या भावाला जातो. कुणीतरी त्यातले दोन शब्द गूगलवर टाकून पाहतं आणि संध्याकाळपर्यंत घराने ठरवूनही टाकलेलं असतं: “लास्ट स्टेज आहे.” बऱ्याचदा त्या कागदावर स्टेजचा उल्लेखसुद्धा नसतो. एक आकडा असतो आणि त्या आकड्याचा अर्थ भलताच असतो.

या गैरसमजाची किंमत मोठी आहे. “आता काही उपयोग नाही” असं समजून उपचार होऊ शकणारा पेशंट घरी नेला जातो. उलट “निगेटिव्ह आलंय” एवढंच ऐकून पुढची तपासणी राहून जाते. दोन्हीकडे वेळ जातो आणि या आजारात वेळ फार महाग असतो. म्हणून फाइल ज्या क्रमाने तयार होते त्याच क्रमाने तिच्यातले शब्द इथे पाहू. उपचार कोणते घ्यायचे हे तुमचे डॉक्टरच सांगतील. हा लेख फक्त त्यांचं बोलणं समजावं आणि त्यांना नेमका प्रश्न विचारता यावा यासाठी आहे.

गाठ, ट्यूमर आणि कॅन्सर

ट्यूमर म्हणजे गाठ, एवढंच. प्रत्येक ट्यूमर कॅन्सर नसतो. गाठ दोन प्रकारची असते. बिनाईन म्हणजे साधी गाठ. ती आहे तिथेच राहते, दुसऱ्या अवयवात जात नाही. कातडीखालची चरबीची गाठ किंवा तरुण मुलींच्या छातीत होणारी फायब्रोॲडिनोमाची गाठ ही याची नेहमीची उदाहरणं. मॅलिग्नंट म्हणजे कॅन्सरची गाठ. ती आजूबाजूच्या भागात घुसते आणि रक्तातून किंवा लसीका वाहिन्यांतून दूरही जाऊ शकते.

“दुखत नाही ना, मग काही नाही” असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. हे धोक्याचं आहे. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. न दुखणारी पण वाढणारी गाठ, तोंडातली तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पाळी बंद झाल्यानंतर पुन्हा दिसलेलं रक्त, या गोष्टी तपासूनच घ्याव्यात. बायकांना पुरुष डॉक्टरकडे तपासून घ्यायला संकोच वाटतो, म्हणून महिने निघून जातात. मोठ्या हॉस्पिटलमध्ये लेडी डॉक्टर मागता येते, किंवा तपासणीच्या वेळी नर्सला आणि घरातल्या बाईला सोबत ठेवायला सांगता येतं. संकोचापायी तपासणीच टाळू नये.

सुई लावली की कॅन्सर पसरतो का?

एफएनएसी म्हणजे बारीक सुईने गाठीतून थोड्या पेशी काढून पाहणं. बायोप्सी म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणं. तुकड्यातून जास्त माहिती मिळते, म्हणून एफएनएसी झाल्यावरही बऱ्याचदा बायोप्सी सांगतात. डॉक्टर पैसे उकळतायत असा त्याचा अर्थ नसतो.

“सुई लावू नका, छेडलं तर पसरेल” ही भीती घराघरात आहे. ती खरी नाही. बायोप्सीशिवाय कॅन्सर आहे की नाही, असला तर कोणता आणि त्यावर कोणतं औषध, यातलं काहीच ठरत नाही. काही अवयवांत सुई लावायची की नाही आणि लावायची तर कुठून, याचे नियम असतात आणि ते कॅन्सरच्या डॉक्टरांना माहीत असतात. म्हणूनच गाठ कुठेही कापून घेण्याआधी कॅन्सरच्या डॉक्टरला दाखवणं बरं.

सुईच्या रिपोर्टवर कधी कधी ‘इनॲडिक्वेट’ किंवा ‘इनकन्क्लुझिव्ह’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे नमुना पुरेसा आला नाही, किंवा त्यावरून काही ठरवता आलं नाही. हा रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ नव्हे. तपासणी पुन्हा करावी लागते.

काढलेला तुकडा मेणाच्या छोट्या चौकोनात जपून ठेवतात. त्याला ब्लॉक म्हणतात. त्याचा पातळ काप काचेवर घेतात, ती स्लाइड. हे दोन शब्द नीट लक्षात ठेवा. उद्या दुसऱ्या हॉस्पिटलचं मत घ्यायचं ठरलं, मुंबईला परळच्या टाटा मेमोरियलला जायचं ठरलं, तर तिथे कागदाबरोबर ब्लॉक आणि स्लाइडही मागतात. पहिल्या लॅबकडून त्या मागून घेता येतात.

कॅन्सरचं आडनाव

कॅन्सर हा एक आजार नाही. तो कोणत्या पेशींतून सुरू झाला यावर त्याचं नाव ठरतं. कार्सिनोमा म्हणजे अवयवांच्या अस्तरातून किंवा ग्रंथींतून सुरू झालेला. तोंडाच्या कॅन्सरच्या रिपोर्टवर बहुतेक वेळा ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’ असतं, म्हणजे वरच्या पातळ थरातून सुरू झालेला. ‘ॲडिनोकार्सिनोमा’ ग्रंथींतून सुरू होतो, तो आतडं, जठर, फुप्फुस अशा ठिकाणी आढळतो. सार्कोमा हाड, स्नायू, चरबी यांतून होतो. लिम्फोमा लसीका ग्रंथींचा आणि ल्युकेमिया रक्ताचा.

‘इन सिटू’ हे शब्द दिसले तर समजा की पेशी बिघडल्या आहेत, पण अजून आपल्या थराबाहेर पडलेल्या नाहीत. ‘इनव्हेझिव्ह’ किंवा ‘इनफिल्ट्रेटिंग’ म्हणजे थर ओलांडून आत घुसलेल्या. इनव्हेझिव्ह हा शब्द भयंकर वाटतो, पण अगदी लहान, पहिल्या स्टेजच्या गाठीच्या रिपोर्टवरही तो असतो.

आणखी एक. छातीचा कॅन्सर हाडात गेला, तर त्याला हाडाचा कॅन्सर म्हणत नाहीत. तो छातीचाच कॅन्सर, हाडात पोचलेला. याला मेटास्टॅसिस म्हणतात, डॉक्टर बोलताना ‘सेकंडरीज’ही म्हणतात. औषधं मूळ जागेप्रमाणे ठरतात, म्हणून नातेवाइकांना सांगतानाही मूळ जागाच सांगावी.

कॅन्सरच्या आधीचे शब्द

काही रिपोर्टमध्ये कॅन्सर नसतो, पण इशारा असतो. तोंडात पुसून न जाणारा पांढरा चट्टा म्हणजे ल्युकोप्लाकिया. सुपारी, मावा, खर्रा, गुटखा खाऊन गालाच्या आतली कातडी कडक होते आणि तोंड कमी उघडू लागतं, त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील तर दाखवून घ्यावं. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तो आपल्या मोहल्ल्यांतल्या पोरांच्या खिशात सापडतो. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची मिश्रीही तंबाखूच आहे.

‘डिस्प्लेशिया’ म्हणजे पेशींचा आकार बिघडू लागला आहे. गर्भाशयाच्या तोंडाच्या तपासणीत याच बिघाडाला सीआयएन १, २, ३ असे आकडे देतात. सीआयएन ३ म्हणजे तिसरी स्टेज नव्हे, तो अजून कॅन्सरच नव्हे. पण तो काढून टाकला नाही तर पुढे कॅन्सर होऊ शकतो. याच टप्प्यावर पकडण्यासाठी ‘व्हिया’ नावाची साधी तपासणी आहे. गर्भाशयाच्या तोंडाला पातळ केलेलं ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरसारखं द्रावण, लावतात आणि पांढरे डाग उमटतात का ते पाहतात. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने १९९८ पासून सुमारे दीड लाख बायकांवर मोठा अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविकांनी ठरावीक वर्षांनी ही तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. महागडी मशीन नाही, मोठं हॉस्पिटल नाही.

आकडा दिसला की आधी विचारा, हे माप कसलं?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. कापड मीटरमध्ये मोजतात, दूध लिटरमध्ये. दोन्हीकडे ‘४’ लिहिलं म्हणून गोष्ट एक होत नाही. कॅन्सरच्या फायलीतही तसंच आहे.

बायरॅड्स: छातीच्या मॅमोग्राफीच्या किंवा सोनोग्राफीच्या रिपोर्टवर हा शब्द असतो, पुढे ० ते ६ आकडा. हा फक्त संशयाचा आकडा आहे. शून्य म्हणजे चित्र अपुरं आहे, आणखी तपासणी हवी. ४ म्हणजे संशय आहे, बायोप्सी करा. बायरॅड्स ४ असलेल्या बऱ्याच गाठी बायोप्सीनंतर साध्या निघतात. तो पाहून “चौथी स्टेज” म्हणणं साफ चूक आहे. पण बायोप्सी टाळणंही तितकंच चूक.

ग्रेड: दुर्बिणीखाली कॅन्सरच्या पेशी चांगल्या पेशींपेक्षा किती वेगळ्या दिसतात, ते ग्रेड सांगतो. ग्रेड १ म्हणजे बऱ्याच सारख्या, वाढ संथ. ग्रेड ३ म्हणजे खूप वेगळ्या, वाढ जलद. हा गाठीचा स्वभाव झाला. ती किती पसरली हे यातून कळत नाही. ग्रेड ३ ची गाठ पहिल्या स्टेजमध्येही असू शकते.

ग्लिसन: हा प्रोस्टेटचा आकडा आहे. दहापैकी ६ ऐकून अब्बांची तब्येत जास्तच बिघडली असं वाटतं. प्रत्यक्षात कॅन्सर सापडल्यावर रोजच्या रिपोर्टमध्ये दिला जाणारा सगळ्यात कमी आकडा ६ हाच असतो.

केआय-६७: हे टक्क्यांत असतं. ३० टक्के म्हणजे शरीरात ३० टक्के कॅन्सर झाला असं नव्हे. तपासलेल्या कॅन्सरच्या पेशींपैकी किती पेशी वाढीच्या कामात आहेत, ते यातून दिसतं.

२/१५: ऑपरेशननंतरच्या रिपोर्टवर लसीका गाठींबद्दल असं लिहिलेलं असतं. काखेतून किंवा गळ्यातून १५ गाठी काढून तपासल्या, त्यातल्या २ मध्ये कॅन्सर सापडला. ०/१५ म्हणजे एकाही गाठीत नाही. रिपोर्टवर ‘रिॲक्टिव्ह’ नोड असं असेल तर ती गाठ सूज किंवा इन्फेक्शनमुळे मोठी झालेली आहे, तिच्यात कॅन्सर दिसलेला नाही.

स्टेज: आता खरी स्टेज. आजार शरीरात किती आणि कुठवर पोचला, ते स्टेज सांगते. ती तीन अक्षरांवरून ठरते. टी म्हणजे मूळ गाठ केवढी आणि कुठवर घुसली. एन म्हणजे जवळच्या लसीका गाठींत गेली का. एम म्हणजे दूरच्या अवयवात गेली का. एम० म्हणजे दूर कुठे नाही, एम१ म्हणजे आहे. यांपुढे ‘एक्स’ असेल तर घाबरू नका, ती गोष्ट अजून तपासलेली नाही एवढाच त्याचा अर्थ. या तिन्हींची बेरीज होऊन १ ते ४ अशी स्टेज निघते, रिपोर्टवर ती बहुधा रोमन आकड्यांत असते. थर न ओलांडलेल्या इन सिटूला बहुतेक ठिकाणी ० म्हणतात.

स्टेज एका कागदावरून ठरत नाही. बायोप्सी आणि स्कॅन एकत्र पाहून डॉक्टर ती ठरवतात, आणि ऑपरेशननंतर काढलेली गाठ तपासल्यावर ती थोडी बदलूही शकते. म्हणून नुसता बायोप्सीचा कागद हातात धरून स्टेज सांगणाऱ्या कोणाचंही ऐकू नये.

चौथी स्टेज, पण कोणती चौथी?

आता समजा डॉक्टरांनीच सांगितलं, स्टेज ४. तरीही थांबून विचारायचं, ४ म्हणजे ४ए, ४बी की ४सी?

आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर फार आहे, म्हणून त्याचंच उदाहरण घेऊ. गाठ जबड्याच्या हाडात किंवा गालाच्या बाहेरच्या कातडीपर्यंत पोचली, तर फुप्फुसात, यकृतात कुठेही काही नसताना ती स्टेज ४ए मध्ये मोडते. गळ्यातल्या एकापेक्षा जास्त लसीका गाठींत गेली तरी तेच. अशा पेशंटला बऱ्याचदा ऑपरेशन सांगतात, मग शेक म्हणजे रेडिएशन, आणि गरज असेल तर त्याबरोबर किमो. हे उपचार आजार बरा करण्याच्या हेतूने केले जातात. जबडा काढावा लागला तर पायाच्या हाडाचा तुकडा घेऊन नवा बसवतात. दूरच्या अवयवात गेलेला आजार तोंडाच्या कॅन्सरमध्ये ४सी असतो. ४ए आणि ४सी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण घरी पोचेपर्यंत ‘ए’ गळून पडतो आणि फक्त ‘४’ उरतो. मग कुणी म्हणतं, कशाला चिरफाड, घरीच जडीबुटी करू. दोन महिन्यांनी पेशंट परत येतो तेव्हा ऑपरेशन होण्यासारखं राहिलेलं नसतं.

रक्ताच्या आणि लसीका ग्रंथींच्या कॅन्सरचा हिशेब तर वेगळाच आहे. हॉजकिन लिम्फोमा चौथ्या स्टेजला सापडला तरी बरेच पेशंट पूर्ण बरे होतात. ल्युकेमियाला अशी टीएनएम स्टेज नसतेच, तिथे प्रकार आणि धोक्याचा गट पाहतात. लहान मुलांच्या ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात चांगल्या सेंटरला पूर्ण उपचार मिळाले तर बरीच मुलं बरी होतात. म्हणून “रक्ताचा कॅन्सर म्हणजे संपलं” असं त्या पोराच्या आईसमोर म्हणू नये, आणि मनातही धरू नये.

दूर पसरलेली चौथी स्टेजही सगळीकडे सारखी नसते. काही प्रकारांत औषधांवर लोक बरीच वर्षं काढतात. सोपं आहे असं कुणी म्हणणार नाही, पण डॉक्टरांकडून पूर्ण ऐकल्याशिवाय घराने निकाल लावू नये.

पॉझिटिव्ह चांगलं की वाईट?

हा प्रश्नच अपुरा आहे. काय पॉझिटिव्ह, ते आधी पाहावं लागतं.

मार्जिन म्हणजे काढलेल्या गाठीची कड. ‘मार्जिन निगेटिव्ह’ किंवा ‘फ्री’ म्हणजे कडेवर कॅन्सर नाही, ही चांगली गोष्ट. ‘मार्जिन पॉझिटिव्ह’ म्हणजे कडेवर पेशी दिसल्या, म्हणजे आत काही राहिलं असण्याची शक्यता आहे आणि पुढे काहीतरी करावं लागेल.

छातीच्या कॅन्सरमध्ये ईआर आणि पीआर म्हणजे हार्मोनचे रिसेप्टर, समजा कुलूप. ते पॉझिटिव्ह असतील तर हार्मोनच्या गोळ्या लागू पडतात, म्हणजे इथे पॉझिटिव्ह कामाचं. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर त्यासाठी वेगळं, नेमकं औषध आहे. हर-टूपुढे ० किंवा १+ असेल तर निगेटिव्ह, ३+ असेल तर पॉझिटिव्ह, आणि २+ असेल तर ‘फिश’ नावाची आणखी एक तपासणी करून ठरवतात. हा ३+ सुद्धा स्टेज नव्हे. ही सगळी माहिती आयएचसी तपासणीतून येते. बायोप्सीच्या पहिल्या रिपोर्टनंतर तिला आणखी काही दिवस लागतात, ते दिवस फुकट जात नाहीत.

‘प्रोग्रेस’ या शब्दाने तर भल्याभल्यांना फसवलंय. शाळेच्या प्रगतिपुस्तकात प्रोग्रेस चांगला असतो. स्कॅनच्या रिपोर्टवर ‘प्रोग्रेसिव्ह डिसीज’ म्हणजे आजार वाढला. ‘स्टेबल डिसीज’ म्हणजे फारसा वाढला नाही, फारसा घटलाही नाही. ‘पार्शल रिस्पॉन्स’ म्हणजे गाठी बऱ्यापैकी आक्रसल्या. ‘कम्प्लीट रिस्पॉन्स’ म्हणजे तपासणीत काही दिसत नाही. यालाच जवळचा शब्द रिमिशन. त्यानंतरही तपासणीच्या तारखा पाळाव्या लागतात, कारण आजार परतू शकतो. परतला तर त्याला रिकरन्स म्हणतात.

रक्ताचा मार्कर आणि पेट स्कॅन

सीए-१२५, सीईए, पीएसए यांना ट्यूमर मार्कर म्हणतात. हे वाढले म्हणजे कॅन्सरच, असं नाही. सीए-१२५ पाळीच्या दिवसांत आणि पोटाच्या टीबीतही वाढतो. सिगारेट-विडी ओढणाऱ्यांत सीईए थोडा जास्त असू शकतो. वय झाल्यावर प्रोस्टेट नुसतं मोठं झालं तरी पीएसए वाढतो. म्हणून हेल्थ पॅकेजमध्ये स्वतःहून मार्कर करून घेऊन रात्रीची झोप घालवू नये. ज्यांचे उपचार चालू आहेत त्यांच्यात उपचार लागू पडतायत का, हे पाहायला ते जास्त कामाचे असतात.

पेट-सीटीमध्ये किंचित किरणोत्सर्गी साखर शिरेतून देतात. जिथे पेशी जास्त साखर खातात तो भाग चमकतो. कॅन्सर चमकतो, पण सूज आणि टीबीही चमकतात. त्यामुळे चमकणारा प्रत्येक ठिपका कॅन्सर नसतो. स्कॅनआधी काही तास उपाशी राहावं लागतं. पेशंटला शुगर असेल तर तारीख घेतानाच सांगा, शुगर खूप वाढलेली असेल तर स्कॅन पुढे ढकलतात. त्या दिवशी पेशंटने गरोदर बायकांपासून आणि लहान मुलांपासून थोडं दूर राहावं.

उपचारांचे शब्द

“गाठ काढली, रिपोर्ट साफ आला, मग किमो कशाला?” याचं उत्तर ‘ॲडज्युव्हंट’ या शब्दात आहे. डोळ्यांना आणि स्कॅनला न दिसणाऱ्या पेशी शिल्लक असतील तर त्या मारण्यासाठी ऑपरेशननंतर दिलेले उपचार. ‘निओॲडज्युव्हंट’ म्हणजे ऑपरेशनच्या आधी दिलेले. गाठ लहान करून मग काढायची असते. डॉक्टर ऑपरेशन टाळतायत असं समजू नका.

सायकल म्हणजे किमोचा एक फेरा. अनेक औषधांत दोन फेऱ्यांमध्ये २१ दिवसांचं अंतर असतं, कारण चांगल्या पेशींना सावरायला वेळ द्यावा लागतो. या काळात पांढऱ्या पेशी कमी होतात, त्याला न्यूट्रोपेनिया म्हणतात. यातली एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. किमो चालू असताना ताप १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा त्याच्या वर गेला, तर क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहायची नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठायचं.

रेडिएशनला आपल्याकडे शेक किंवा लाइट म्हणतात. रोजच्या एका डोसाला फ्रॅक्शन म्हणतात. ठरलेले दिवस मध्येच चुकवले तर फायदा कमी होतो. लग्न-शादीसाठीही चुकवू नका, अडचण असेल तर डॉक्टरांशी आधी बोला. बाहेरून मशीनने शेक घेतलेल्या माणसाच्या अंगातून काही किरणं निघत नाहीत. तो नातवंडांना जवळ घेऊ शकतो, एकाच दस्तरख्वानवर बसून जेवू शकतो. थायरॉइडसाठी पिण्याचं किरणोत्सर्गी आयोडीन दिलं तर मात्र काही दिवस दूर राहावं लागतं, ते हॉस्पिटल सांगतं. आणि कॅन्सर उष्ट्याने, स्पर्शाने लागत नाही. पेशंटचं ताट-ग्लास वेगळं काढून त्याचं मन मोडू नका.

रमजानमध्ये उपचार चालू असतील तर रोज्याचा प्रश्न येतोच. किमोच्या दिवसांत भरपूर पाणी लागतं, उलट्या होतात, किडनीवर ताण येतो. आजारी माणसाला दीनने सवलत दिलेली आहे. डॉक्टरांना विचारा, मनात शंका असेल तर आलिमांनाही विचारा, पण रोज्यासाठी स्वतःच्या मनाने औषध बंद करू नका. दिवसातून एकच गोळी असेल तर ती सहरी किंवा इफ्तारला घेतलेली चालेल का, एवढा साधा प्रश्न विचारला तरी बऱ्याचदा मार्ग निघतो.

‘पॅलिएटिव्ह’ ऐकलं की नातेवाईक रडू लागतात. याचा अर्थ हात वर केले असा नाही. दुखणं, धाप, उलट्या, झोप, मनाचा त्रास हे सगळं कमी करणारी ही वैद्यकाची शाखा आहे, आणि ती बरं होण्याच्या उपचारांबरोबरही चालू शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी दिलेलं मॉर्फिन म्हणजे नशा नव्हे. तडफडत ठेवण्यात कसला सवाब नाही.

‘५ वर्षांचा सर्व्हायव्हल’ हाही असाच गैरसमजाचा शब्द. “डॉक्टरांनी ५ वर्षं दिली” असा त्याचा अर्थ नाही. निदान झाल्यापासून ५ वर्षांनी १०० पेशंटपैकी किती हयात होते, ते त्यातून कळतं. त्यातले पुष्कळ जण पुढेही कैक वर्षं जगतात. आणि तो आकडा गटाचा आहे, तुमच्या अम्मींचा नाही.

पेशंटला सांगायचं की नाही?

बऱ्याच घरांत दारातच डॉक्टरांना खुणावतात, “अम्मीला सांगू नका.” यामागे माया असते. पण अम्मीला केस गळताना दिसतात, वॉर्डातल्या बाजूच्या बायका बोलतात. तिला कळतं, फक्त विचारायला कोणी उरत नाही. उपचारांच्या संमतीच्या कागदावर सहीही तिचीच लागते. बरं हे, की तिलाच हळू विचारावं, “तुला सगळं ऐकायचंय की आम्ही पाहून घेऊ?” तिचं उत्तर मानावं.

दुसरी गोष्ट. घरात दख्खनी किंवा कोकणी बोलतात, डॉक्टर मराठी-इंग्रजीत सांगतात आणि मध्ये दुभाषा म्हणून पंधरा-सोळा वर्षांचं पोर उभं असतं. त्याच्यावर हे ओझं टाकू नका. एक समजूतदार मोठा माणूस प्रत्येक वेळी सोबत जाऊ द्या, शक्यतो तोच तो. डॉक्टर जे बोलले ते त्याने तिथेच वहीत लिहून घ्यावं.

फाइल कशी ठेवायची, काय विचारायचं

सगळे कागद तारखेप्रमाणे एका फायलीत लावा. सगळ्यात वर बायोप्सीचा रिपोर्ट, मग आयएचसी, स्कॅन, ऑपरेशनचा कागद आणि किमोची नोंद. फोटो पाठवायचा तर पूर्ण रिपोर्टचा पाठवा, शेवटच्या दोन ओळींचा नको. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं, किमो आणि रेडिएशन यांचा समावेश आहे. योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशन कार्ड, आधार आणि ही फाइल घेऊन खिशातला पहिला पैसा भरण्याआधी तिथे जा.

पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा हे प्रश्न कागदावर लिहून न्या:

१. कॅन्सर कोणत्या जागेचा आणि कोणत्या प्रकारचा आहे?
२. हा आकडा ग्रेडचा की स्टेजचा? स्टेज असेल तर ए, बी की सी?
३. दूरच्या अवयवात गेलाय का, की ते अजून तपासायचं बाकी आहे?
४. उपचार बरं करण्यासाठी आहेत की आजार आटोक्यात ठेवण्यासाठी?
५. आधी काय, नंतर काय, आणि किती दिवस?
६. कोणता त्रास झाला तर रात्रीही यायचं? कोणत्या नंबरवर फोन करायचा?
७. आणखी एका डॉक्टरचं मत घेतलं तर उपचार किती दिवस थांबलेले चालतील?

यातला चौथा प्रश्न विचारायला जीभ अडखळते. तरी तो विचाराच. त्याचं उत्तर मिळालं की कुठे कर्ज काढायचं, कुठे पेशंटजवळ बसून राहायचं, हे घराला ठरवता येतं. दुआ तर सगळेच करतात, त्यासोबत हे सात प्रश्नही घेऊन जा.